बेटावर बिऱ्हाड हलवल्यावर घरखर्चाचा मेळ कसा घालायचा?

खारा_वारा

बेटावर राहायला जाण्याबद्दलच्या चौकशा इथे अधूनमधून येतात आणि चर्चा घरभाड्यापाशी सुरू होऊन घरभाड्यापाशीच संपते. म्हणून हा वेगळा धागा. उष्णकटिबंधातलं कुठलंही बेट धरा. सरकार, चलन, भाषा बदलेल, पण खर्च फुगण्याची कारणं बहुतेक तीच असतात: माल बोटीने येतो, वीज बऱ्याच ठिकाणी बाहेरून आणलेल्या इंधनावर होते, आणि खारी दमट हवा वस्तूंचं आयुष्य खाते. पहिली दोन कारणं दुकानात आणि बिलात दिसतात. तिसरं कुठेच छापलेलं नसतं, आणि अंदाजपत्रक नेमकं तिथे कोसळतं.

माझ्या मते महिन्याचं बजेट करण्यात अर्थ नाही, वर्षाचं करावं. विम्याचा हप्ता, परवान्याचं नूतनीकरण, बेटाबाहेरचा एखादा प्रवास, बिघडलेला कॉम्प्रेसर हे खर्च वर्षातून एकदाच येतात, पण येतात तेव्हा दोन महिन्यांचं गणित उधळून देतात. वर्षाची बेरीज करून १२ने भागा, मग खरा महिना कळतो.

त्यातच एक 'गंजखातं' उघडा. घरातली सगळी यंत्रं आज नवी घ्यायची झाली तर किती लागतील ते मांडा. एरवी १० वर्षं चालणारी वस्तू किनाऱ्यालगत ५-६ वर्षांची धरा. समजा सगळ्यांची किंमत १०० आहे, तर वर्षाला १७ ते २० बाजूला पडलेच पाहिजेत. हे सुरुवातीला अतिरेकी वाटतं.

दोन विनंत्या. भाव लिहू नका, ते सहा महिन्यांत शिळे होतात. प्रमाण, युनिट, लिटर लिहा. आणि आपबीती दुसऱ्या धाग्यावर.

हिशेबनीस

चांगला धागा. आयात मालाचा भाव कसा चढतो ते एकदा पाटीवर मांडतो, म्हणजे 'दुकानदार लुटतात' ही तक्रार निम्मी होईल.

अनेक देशांत आयात शुल्क नुसत्या वस्तूवर लागत नाही, वस्तू + विमा + वाहतूक या बेरजेवर लागतं. वस्तू १००, वाहतूक आणि विमा मिळून ४०, म्हणजे १४०. त्यावर २० टक्के शुल्क धरलं तर २८. झाले १६८. आता १५ टक्के मूल्यवर्धित कर या १६८वर, म्हणजे २५.२०. वस्तू घरात आली १९३ला, आणि यात दुकानदाराचा नफा अजून आलेलाच नाही. (दर उदाहरणापुरते घेतलेत, आपापल्या बेटाचे टाकून बघा.)

यातून निघणारी गोष्ट अशी की वाहतुकीवरही कर बसतो. म्हणून जड किंवा जागा खाणारी आणि मुळात स्वस्त वस्तू बेटावर प्रमाणाबाहेर महाग पडते: पाण्याच्या बाटल्या, कागदी रुमाल, गाद्या, प्लास्टिकची टेबलं. लहान आणि महाग वस्तूंवर, उदाहरणार्थ फोनवर, वाहतुकीचा बोजा टक्केवारीत किरकोळ असतो. खरेदीची यादी या दृष्टीने दोन रकान्यांत लिहा.

राहतं घर हलवताना वापरलेल्या सामानाला शुल्कमाफी पुष्कळ देशांत मिळते. अटी साधारण ठरलेल्या असतात: सामान सहा महिने किंवा वर्षभर वापरातलं हवं, तुम्ही पोचल्यापासून ठरावीक मुदतीत यायला हवं, आणि काही काळ विकता येत नाही. निघायच्या आदल्या आठवड्यात घेतलेला, खोकंही न फोडलेला फ्रिज यात बसत नाही. बिलं जपून ठेवा, यादीत प्रत्येक यंत्राचा अनुक्रमांक लिहा.

बोटीवरचा_बाबू

हिशेबनीस यांना अनुमोदन. आता खोक्यांचं बघू.

कुरिअर आणि विमान आकारमानाचं वजन लावतात. खोक्याची लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. विमानाच्या साध्या मालाला बहुधा ६०००. प्रत्यक्ष वजन आणि हे वजन यांपैकी जे जास्त असेल त्याचे पैसे. ६० × ५० × ४०च्या खोक्यात उशा भरल्या. काट्यावर ६ किलो भरतात, बिलावर २४. त्याच खोक्यात पुस्तकं भरली तर काट्यावरच ४०च्या वर जाईल. विमानाने दोन्ही चुकीचंच.

बोटीने सुटा माल घनमीटरवर जातो: १ घनमीटर किंवा १००० किलो, जे जास्त ते. वरचं खोकं ०.१२ घनमीटर, म्हणजे अशी आठ खोकी मिळून जवळपास एक घनमीटर. एक लक्षात ठेवा, बहुतेक ठिकाणी किमान आकारणी १ घनमीटरची असते. तीन खोकी पाठवली तरी आठांचे पैसे जातात.

२० फुटी कंटेनरमध्ये आतून सुमारे ३३ घनमीटर जागा असते, पण घरसामान रचताना २५ ते २८ भरलं तरी खूप झालं. सुटा माल १२-१५ घनमीटरच्या पुढे गेला की पूर्ण कंटेनरचा भाव विचारून बघा, अनेकदा तो कमी निघतो.

फसगत होते ती पोचण्याच्या बंदरावर. दरपत्रकात समुद्रभाडं ठळक असतं. तिकडची हाताळणी, कागदपत्रं, गोदाम, एजंट हे 'पोचल्यावर देय' असतं आणि लहान खेपेला ते भाड्याहून जास्त होऊ शकतं. 'दारापर्यंत, सगळ्या शुल्कांसह' असं लेखी दरपत्रक मागा. बंदरात माल ठेवायचे मोफत दिवस किती ते विचारा. ते उलटले की डेमरेज (माल पडून राहिल्याचा दंड) रोजाने चढतं, आणि कागद अपुरे असले की ते दिवस सहज उलटतात.

आणि लाकूड! लाकडी खोकी आणि पॅलेट यांवर आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय कीडनियमाचा शिक्का लागतो: लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांना सलग ३० मिनिटं तापवलंय याची खूण. नसेल तर बंदरात धुरी द्यावी लागते किंवा माल परत जातो, खर्च तुमचा. बेटांवर जैवसुरक्षा कडक असते. वेताच्या टोपल्या, बियाणं, मातीने माखलेले बूट, बागेची अवजारं घासून धुवा, नाहीतर नेऊच नका.

चिकित्सक

एक शंका. भाड्यातला फरक नुसत्या अंतराचा असतो का? जवळची काही बेटं दूरच्यांपेक्षा महाग दिसतात.

बोटीवरचा_बाबू

@चिकित्सक, अंतर हा त्यातला लहान भाग. बंदर लहान असेल तर मोठी जहाजं थेट येत नाहीत, माल मधल्या बंदरात उतरवून छोट्या बोटीत चढवतात. दोनदा उचल, दोनदा पैसे. परत जाताना कंटेनर रिकामे जातात, तो फेराही आपल्याच भाड्यात बसतो. आणि कायदा. अमेरिकेच्या १९२०च्या जोन्स कायद्याप्रमाणे त्यांच्या दोन बंदरांमधला माल अमेरिकेत बांधलेल्या, अमेरिकी मालकीच्या आणि प्रामुख्याने अमेरिकी खलाशी असलेल्या जहाजातूनच न्यावा लागतो. हवाई आणि पोर्तो रिको इथल्या महागाईची चर्चा निघाली की हा कायदा निघतोच. इतर देशांतही किनारी वाहतुकीचे असे नियम असतात.

झटका

विजेची उपकरणं नेणाऱ्यांसाठी: व्होल्टेज बघतात सगळे, हर्ट्झ बघत नाही कोणी. १२० व्होल्टच्या बेटावर २३० व्होल्टचं यंत्र ट्रान्सफॉर्मर लावून चालवता येतं, पण ट्रान्सफॉर्मर वारंवारता बदलत नाही. ६० हर्ट्झसाठी बनलेली साधी मोटर ५०वर सुमारे १७ टक्के हळू फिरते आणि जास्त तापते. जुनी वॉशिंग मशीन, पंप, साधा फ्रिज यांचं तिथे मरण. चार्जर, लॅपटॉप यांच्यावर '१००-२४०, ५०/६०' छापलेलं असतं. ते बिनधास्त न्या.

आता बिल. डिझेल जनित्रातून एका लिटरमध्ये साधारण ३.५ ते ४ युनिट निघतात. म्हणून अशा बेटावर तेलाचा भाव हलला की बिल हलतं. बिलावर 'इंधन समायोजन' अशा अर्थाची वेगळी ओळ असते, ती वाचा. मूळ दर तोच असतो, ही ओळ नाचते. घर बघताना मागच्या बारा महिन्यांची बिलं मागा. घरमालक 'सरासरी इतकं येतं' म्हणाला तरी कागदच मागा.

कुठे किती जातं? १ टनाचा एसी म्हणजे ३.५ किलोवॉट उष्णता उपसणं. एसी इन्व्हर्टर प्रकारचा असेल तर पूर्ण भाराला साधारण १ किलोवॉट घेतो, खोली एकदा थंड झाली की बराच कमी. २४ऐवजी २७ अंश आणि वर पंखा, ही सवय लागली की बिलात लगेच दिसते. पंखाही बघून घ्या. साधा छताचा ७५ वॉट खातो, बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचा) ३०च्या आसपास. दिवसाला १२ तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिट वाचतात. चार पंखे असतील तर गुणाकार करा.

गरम पाण्याला मात्र लोक उगाच घाबरतात. नळाचंच पाणी २७ अंश असतं, अंघोळीला ३९ पुरतं. ५० लिटरला १२ अंश चढवायला जेमतेम ०.७ युनिट. खरी गळती टाकीच्या गिझरमध्ये, तो रात्रंदिवस चालू राहिला तर पाणी न वापरताही दिवसाला युनिट-दीड युनिट घालवतो. टायमर लावा, अंघोळीआधी अर्धा तास.

पागोळी

झटकाराव, सौर ऊर्जेचं राहिलं की.

झटका

मुद्दाम ठेवलं होतं, कारण भाड्याच्या घरात ती बहुधा जमत नाही. स्वतःचं छप्पर असेल तर १ किलोवॉटच्या पॅनलमागे दिवसाला सरासरी ४ युनिट धरा. आधी कंपनीचा नियम बघा: तुम्ही ग्रिडला दिलेलं युनिट घेतलेल्या युनिटाच्या बदल्यात वळतं होतं, की वेगळ्या कमी दराने विकत घेतलं जातं? दुसरा प्रकार असेल तर मोठा संच लावून उपयोग नाही. दिवसा जेवढं वापरता तेवढाच लावा आणि वॉशिंग मशीन, पंप, गिझर दुपारी चालवा. चौकटीचे क्लॅम्प त्या भागातल्या वादळी वाऱ्याच्या वेगाला मान्यता असलेले हवेत, आणि इन्व्हर्टर समुद्राकडच्या भिंतीवर नको.

गंजका_खिळा

माझा विषय आला. किनाऱ्यावर लाटा फुटतात तिथून पहिल्या काही शे मीटरांत हवेतलं मीठ सर्वांत जास्त, मग झपाट्याने कमी होतं. खिडकीतून लाटा दिसणाऱ्या घराचं भाडं जास्त, आणि त्या घरातली वस्तूही लवकर जाते. दोनदा पैसे मोजता.

'स्टेनलेस आहे' एवढ्यावर विश्वास ठेवू नका. सर्रास मिळतं ते ३०४ प्रतीचं, त्यावर वर्षभरात चहाच्या डागांसारखे तपकिरी ठिपके येतात. ३१६मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला टिकतं. बिजागऱ्या, कड्या, बाहेरचे स्क्रू ३१६चे घ्या. अॅल्युमिनियमच्या चौकटीत स्टेनलेस स्क्रू थेट पिळला तर अॅल्युमिनियम खाल्लं जातं. भोकाभोवती पांढरी पावडर दिसू लागते आणि एक दिवस स्क्रू हाताने निघून येतो. मध्ये नायलॉनचा वॉशर आणि थोडी गंजरोधक पेस्ट एवढंच लागतं.

एसीचं बाहेरचं युनिट महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा. वीज बंद करून, बागेच्या पाइपने, हलक्या धारेने. प्रेशर वॉशरने कॉइलच्या पातळ पत्र्या वाकतात, मग हवाच जात नाही आणि कॉम्प्रेसर दमतो. नवं घेताना कॉइलवर गंजरोधक थर कारखान्यातच दिलेलं मॉडेल मागा. आकाराने लहान घेतलेला एसी सतत पळतो, मोठा घेतलेला खोली पटकन थंड करून थांबतो आणि दमटपणा तसाच सोडतो. दुसरी चूक जास्त लोक करतात.

जुनी गाडी घेताना रंग बघू नका, खाली झोपून चासी बघा. दाराची खालची कड, चाकांच्या कमानी, ब्रेकच्या नळ्या. ताजा काळा रंग खाली मारलेला असेल तर स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. आणि टायरच्या बाजूला चार अंक असतात: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. खाच खोल असली तरी जुना टायर उन्हाने तडकतो.

कपाट_उघडा

गंजाबरोबर बुरशीही. घरात आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर राहिली की चामडं, पुस्तकं, लेन्स, गाद्या सगळ्यांवर ती येते. आधी एक आर्द्रतामापक घ्या, छोटा असतो. सगळं घर कोरडं करायच्या नादी लागू नका, एक खोली किंवा एक कपाट कोरडं ठेवा. डीह्युमिडिफायर जितकी वीज घेतो तितकी उष्णता खोलीतच सोडतो, वर वाफेचं पाणी होतानाची उष्णताही. त्यामुळे एसी शेजारी चालू असेल तर दोघं एकमेकांशी भांडतात. माणसं नसलेल्या खोलीत तो उत्तम.

लेन्स आणि कागदपत्रांना हवाबंद डबा आणि रंग बदलणारी सिलिका जेल. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांना दोन-तीन तास, पुन्हा तयार.

आणखी एक, हे फार जणांना माहीत नसतं. पॉलियुरेथेनचे तळ असलेले बूट आणि त्या थराच्या बॅगा दमट हवेत *न वापरता* तुकडे पडून जातात. हवेतलं पाणी त्या रेणूंच्या साखळ्याच तोडतं. 'चांगले बूट जपून ठेवू' हा विचार इथे उलटा पडतो. रबरी तळ घ्या.

पागोळी

पाण्यावर बोलते. सोपं सूत्र: १ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. ८० चौरस मीटर छत, २० मिलिमीटरची सर, २० टक्के वाया, म्हणजे टाकीत १२८० लिटर. टाकी किती मोठी हवी हे पावसावरून ठरवू नका, कोरड्या दिवसांवरून ठरवा. दोन माणसं, रोज माणशी १०० लिटर, ६० दिवस पाऊस नाही: १२,००० लिटर.

पहिलं पाणी टाकीत जाऊ देऊ नका. छताच्या दर चौरस मीटरमागे अर्धा ते दोन लिटर, धूळ आणि पक्ष्यांची घाण किती त्यावर. उभ्या पाइपात ते साठवून खाली बारीक भोकातून गळू द्यायचं. भोक बुजलं की पाइप भरलेलाच राहतो आणि पुढच्या पावसाची सगळी घाण सरळ टाकीत. दर सरीनंतर भोकातून थेंब पडताहेत ना, एवढं बघा. टाकीच्या प्रत्येक तोंडाला १ मिलिमीटरपेक्षा बारीक जाळी, नाहीतर डेंग्यूच्या डासांची शाळा भरते.

जिथे समुद्राचं पाणी गोडं करून देतात तिथे पाणी म्हणजे वीजच. उलट ऑस्मोसिसला (पाणी दाबाने पडद्यातून ढकलून मीठ मागे ठेवणं) घनमीटरमागे ३-४ युनिट लागतात. रात्री झोपताना मीटर वाचा, सकाळी पुन्हा वाचा. काटा हलला असेल तर बहुतेक वेळा गुन्हेगार फ्लशच्या टाकीतलं रबर.

फोडणी

किराण्याचं सगळ्यात मोठं शस्त्र म्हणजे बोटीचा वार माहीत असणं. माल उतरून दुकानात मांडला जातो तो दिवस धरून खरेदी. आदल्या दिवशी उरलेली पालेभाजी महागही आणि मेलेलीही. आयात फळभाज्यांचा मोह सोडला आणि तिथे पिकणारं खाल्लं की खर्च उतरतो, यात नवीन काही नाही.

घाऊक साठवणीत मात्र पैसे बुडतात. धान्यात किड्यांची अंडी आधीपासून असतात, डबा कितीही घट्ट असू दे. धान्य आणल्या आणल्या पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांना चार दिवस. मग पिशवी न उघडता बाहेर ठेवून पूर्ण खोलीच्या तापमानाला येऊ द्या, एक रात्र. थंडगार धान्य उघडलं की दमट हवेचं पाणी त्यावर जमतं आणि आठवड्यात कुबट वास. किडे परवडले.

फ्रीझर भरलेला असेल आणि दार उघडलं नाही तर वीज गेल्यावर साधारण ४८ तास टिकतो, अर्धा असेल तर २४. जागा उरली तर पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा. खालचा फ्रिज चार तासच.

स्वस्तातल्या माशांबद्दल एक इशारा. प्रवाळातल्या मोठ्या शिकारी माशांत, बाराकुडा, मोरे ईल, मोठे ग्रुपर यांत, सिग्वाटेराचं विष साठतं. शिजवून, गोठवून, खारवून जात नाही. चवीला, वासाला कळत नाही. कुठल्या भागातला मासा खात नाहीत हे तिथल्या कोळ्यांना पक्कं ठाऊक असतं. विचारूनच घ्या.

चिकित्सक

घरभाड्याला सगळ्यांनी बगल दिली. बेटाला वाऱ्याची बाजू आणि आडोशाची बाजू असते. डोंगराळ बेट असेल तर वाऱ्याकडे पाऊस, हिरवळ, बुरशी. आडोशाला ऊन, कोरडेपणा, टँकर. म्हणजे एकीकडे वाळवण्याचा खर्च, दुसरीकडे थंड करण्याचा आणि पाण्याचा. भाड्यात हे धरूनच तुलना करा. विषुववृत्ताजवळ सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे सर्वांत वाईट घर म्हणजे पत्र्याखालचं, आणि त्याखालोखाल पश्चिमेला मोठी काच असलेलं.

आधी फर्निचरसकट चार ते सहा आठवड्यांचं घर घ्या, पर्यटनाचा हंगाम सोडून. वर्षाचा करार तिथे चालत फिरून करा, फोटोंवरून नाही.

खारा_वारा

@चिकित्सक, बरोबर. त्यात वादळाची भर. अटलांटिकमध्ये हंगाम अधिकृतपणे १ जून ते ३० नोव्हेंबर, दक्षिण गोलार्धात साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. विषुववृत्तापासून ५ अंशांच्या आत चक्रीवादळ क्वचितच तयार होतं, म्हणून तिथल्या बेटांचं विम्याचं गणित वेगळं. इतरत्र घराच्या पॉलिसीत वादळासाठी स्वतः सोसायची रक्कम अनेकदा ठरावीक आकडा नसते, विमा उतरवलेल्या रकमेच्या टक्क्यांत असते. १०० लाखांच्या विम्यावर ५ टक्के म्हणजे पहिले ५ लाख तुमचे. भाडेकरूने घरमालकाच्या विम्यात आपलं सामान येतं असं समजू नये, येत नाही.

हिशेबनीस

आरोग्य विम्यातही तसंच. पॉलिसीत 'हवाई स्थलांतर' हा शब्द शोधा. लहान बेटावर गंभीर आजारी माणसाला विमानाने हलवावं लागतं आणि पुष्कळ पॉलिसींत ते वेगळं जोडावं लागतं. 'जवळच्या योग्य रुग्णालयात' नेणार की मायदेशी, हेही वाचा.

राखीव निधी सहा महिन्यांच्या खर्चाचा, अधिक घरातल्या प्रत्येकाचं आयत्या वेळचं एकेरी तिकीट. मिळकत एका चलनात आणि भाडं दुसऱ्यात असेल तर विनिमय दर १५ टक्के उलटा गेला तर काय होतं तेही मांडून बघा. लॅपटॉपवर परदेशी काम करणाऱ्यांनी १८३ दिवसांचा आकडा लक्षात ठेवावा; अनेक देशांत तेवढा मुक्काम झाला की कर-रहिवासी ठरता. काही देशांत त्याहून कमी दिवसही पुरतात.

नवा_गडी

वाचनखूण साठवली. एक विचारतो: वॉशिंग मशीन बाल्कनीत ठेवावी लागणार, समुद्र दोनशे मीटरवर. झाकण घातलं तर चालेल का?

गंजका_खिळा

प्लास्टिकचं घट्ट झाकण नको, आत दमट हवा कोंडते आणि गंज झाकणाखालीच वाढतो. खालून मोकळं, कापडी झाकण घाला. मशीन चार इंच उंच चौथऱ्यावर, प्लास्टिकचे पाय असलेली. मागचा पत्रा आणि खालचे स्क्रू यांवर दर तीन महिन्यांनी मेणासारखा गंजरोधक फवारा मारा, पट्ट्यावर आणि ड्रमवर उडू देऊ नका. आणि प्लग: पिना हिरवट दिसायला लागल्या की सॉकेट बदला, वाट बघू नका, तिथेच तापतं.

झटका

अधिक एक: त्या सॉकेटच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीडी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते आधी बघा, आणि महिन्यातून एकदा त्याचं टेस्टचं बटण दाबा. खाऱ्या हवेत तेही अडकून बसतं.